रक्तदानाला जाताना ओळखीचा पुरावा: काय न्यावे, का न्यावे आणि अडचण आल्यास काय करावे

रक्तदानासाठी आलेल्या माणसाला परत पाठवावे लागण्याची कारणे पुष्कळ असतात. हिमोग्लोबिन कमी भरते, नुकताच ताप येऊन गेलेला असतो, एखादे औषध चालू असते किंवा मागच्या रक्तदानानंतर पुरेसे दिवस लोटलेले नसतात. या कारणांवर त्या दिवशी कोणाचाच इलाज नसतो. मात्र प्रकृती उत्तम, इच्छा मनापासूनची आणि केवळ ओळखपत्र घरी राहिले म्हणून कोणी परत फिरतो, तेव्हा फार हळहळ वाटते, कारण ती फेरी वाचवणे पूर्णपणे आपल्या हातात असते. नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसताना मी हा प्रसंग अनेकदा पाहिला आहे. त्या वेळी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ‘मी काही मागायला आलेलो नाही, द्यायला आलो आहे, मग माझ्या ओळखीची एवढी चौकशी कशासाठी?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजले, तर पुढे कोणती कागदपत्रे न्यावीत आणि ती कशी तपासून घ्यावीत, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. म्हणून आधी त्या उत्तराकडेच वळू.

ओळख कशासाठी विचारतात

आपण दिलेले रक्त बहुधा जसेच्या तसे एका रुग्णाला चढवले जात नाही. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे घटक वेगळे केले जातात. तांबड्या पेशी त्यांच्यात मिसळलेल्या द्रावणानुसार साधारणपणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट अवघे काही दिवस टिकतात आणि गोठवलेला प्लाझ्मा कित्येक महिने ठेवता येतो. म्हणजे एकाच रक्तदात्याच्या रक्ताचे घटक तीन वेगवेगळ्या रुग्णांकडे, कदाचित तीन वेगवेगळ्या रुग्णालयांत आणि महिन्यांच्या अंतराने पोहोचू शकतात. दुसरीकडे, पिशवीबरोबर भरून घेतलेल्या लहान नळ्या प्रयोगशाळेत जातात. तेथे रक्तगट पाहिला जातो आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व सिफिलिस यांच्या चाचण्या होतात. या चाचण्या प्रत्येक रक्तदानाच्या वेळी व्हाव्यात, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रयोगशाळेचा अहवाल रुग्णाच्या दृष्टीने किती मोलाचा आहे, हे सांगायला नको. पण नळीतील रक्त आणि पिशवीतील रक्त एकाच माणसाचे आहे आणि तो माणूस कोण आहे, ही खात्री नसेल, तर अचूक अहवालाचाही उपयोग उरत नाही.

दुसरे कारण रक्तदात्याच्या स्वतःच्या हिताचे आहे. हिपॅटायटिस बी किंवा सी शरीरात वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि अनेकांना त्याचा पहिला सुगावा रक्तदानानंतरच्या चाचणीतूनच लागतो. असा अहवाल आला, तर रक्तकेंद्राला तो नेमक्या त्याच व्यक्तीपर्यंत, गुप्तपणे आणि वेळेत पोहोचवायचा असतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या नियमांत या जबाबदारीचे स्पष्ट प्रतिबिंब दिसते. त्यांनुसार रक्तकेंद्राने रक्तदात्याच्या ओळखीचा पुरावा पाहायचा असतो आणि त्याबरोबर रक्तदानानंतर ८ आठवड्यांपर्यंत तो ज्या पत्त्यावर सापडू शकेल, असा टपालाचा पत्ताही घ्यायचा असतो. ओळख आणि पत्ता एकाच नियमात एकत्र आले आहेत, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. एखाद्याला चुकीच्या माणसाचा अहवाल कळवणे किंवा खऱ्या माणसाला तो कधीच न कळणे, या दोन्ही चुकांची किंमत फार मोठी आहे.

तिसरे कारण जुन्या नोंदींचे आहे. रक्तदाता परत आला की त्याची आधीची नोंद उघडली जाते. मागचे रक्तदान कधी झाले, तेव्हा काही कारणाने त्याला थांबवले होते का, त्याचा रक्तगट कोणता नोंदला आहे, हे सगळे तेथे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन रक्तदानांत पुरुषांसाठी किमान १२ आणि स्त्रियांसाठी किमान १६ आठवड्यांचे अंतर सुचवले आहे. अमेरिकेत हे अंतर किमान ५६ दिवसांचे आहे. हे अंतर शरीरातील लोहाचा साठा पुन्हा भरून यावा म्हणून असते. आपले नाव प्रत्येक वेळी वेगळ्या पद्धतीने लिहिले गेले, तर संगणकाला तीन वेगवेगळे रक्तदाते दिसतात आणि हे संरक्षण नाहीसे होते. रक्तगटाच्या बाबतीत तर जुन्या नोंदीचा फार सुंदर उपयोग होतो. आजच्या नळीतला गट आणि मागच्या वेळचा गट यांची तुलना केली जाते आणि ते जुळले नाहीत, तर कोठेतरी दोन माणसांची किंवा दोन नळ्यांची अदलाबदल झाली आहे, अशी शंका घेऊन सर्व काम थांबवले जाते. एका माणसाच्या सर्व रक्तदानांची नोंद एकाच ठिकाणी असेल, तरच ही तपासणी करता येते.

चौथे कारण थोडे खोलात जाऊन समजून घ्यावे लागते. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. या काळाला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या आधुनिक चाचण्यांनी हा काळ बराच कमी केला आहे, पण शून्यावर आणलेला नाही. त्यामुळे नियमित रक्तदात्याच्या एखाद्या चाचणीत प्रथमच संसर्ग आढळला, तर त्याच्या त्याआधीच्या रक्तदानाचा माग काढून ते घटक कोणाला चढवले गेले, हे शोधावे लागते. उलट दिशेनेही असाच शोध घ्यावा लागतो: एखाद्या रुग्णाला रक्त चढवल्यानंतर संसर्ग आढळला, तर ते रक्त कोणाचे होते, हे पाहावे लागते. युरोपीय संघाने या माग काढण्यासाठी लागणाऱ्या नोंदी किमान ३० वर्षे जतन करण्याचे बंधन घातले आहे. तीस वर्षांनी एखाद्या कागदावरून माणूस ओळखता यायचा असेल, तर पहिल्या दिवशी त्या कागदावर काय लिहिले गेले, याला किती महत्त्व आहे, हे यावरून लक्षात यावे.

ओळख, वय आणि संपर्क: तीन वेगळ्या गोष्टी

लोकांचा गोंधळ बहुधा येथे होतो. नोंदणीच्या टेबलावर तीन निरनिराळ्या गोष्टींची खातरजमा होत असते. समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे का, हा पहिला प्रश्न आणि त्यासाठी छायाचित्र लागते. तिचे वय रक्तदानाला योग्य आहे का, हा दुसरा आणि त्यासाठी जन्मतारीख लागते. गरज पडल्यास ती कोठे सापडेल, हा तिसरा आणि त्यासाठी चालू पत्ता व दूरध्वनी क्रमांक लागतो. एकाच कागदपत्रावर या तिन्ही गोष्टी असतीलच असे नाही. पासपोर्टवर छायाचित्र आणि जन्मतारीख असते, पण अनेक देशांच्या पासपोर्टवर राहण्याचा पत्ता छापलेला नसतो. वाहन चालवण्याच्या परवान्यावर बहुतेक ठिकाणी पत्ता असतो, पण तो कित्येकदा आपण केव्हाच सोडलेल्या घराचा असतो. कार्यालयाच्या ओळखपत्रावर छायाचित्र असते, जन्मतारीख नसते. म्हणून शासनाने दिलेले, छायाचित्र आणि जन्मतारीख असलेले, मुदतीत असलेले एक मूळ कागदपत्र न्यावे आणि त्यावर चालू पत्ता नसल्यास पत्ता दाखवणारे दुसरे काहीतरी बरोबर ठेवावे. हा माझा नेहमीचा सल्ला आहे आणि तो बहुतेक सर्व ठिकाणी पुरतो.

नियम मात्र देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या निर्देशात कोणत्याही विशिष्ट कागदपत्राचे नाव नाही. चुकीच्या ओळखीचा कोणताही धोका न राहता रक्तदाता इतर सर्वांपासून वेगळा ओळखता येईल अशी वैयक्तिक माहिती आणि संपर्काचा तपशील घ्यावा, इतकेच त्यात म्हटले आहे. ते कसे साधायचे, हे प्रत्येक देशावर सोपवले आहे. जर्मनीत शासकीय छायाचित्र ओळखपत्र मागितले जाते. ब्रिटनमध्ये रक्तदात्याने आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता स्वतःच्या तोंडाने सांगण्यावर भर असतो. अमेरिकी रेड क्रॉस रक्तदाता कार्ड किंवा वाहन परवाना स्वीकारते आणि यांपैकी काही नसेल, तर ओळखीची दुसरी दोन कागदपत्रे मागते. यावरून घेण्यासारखा व्यवहारी बोध असा, की मागच्या वेळी दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या केंद्रात जे चालले, ते येथेही चालेल असे गृहीत धरू नये.

जाण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी, ज्या केंद्रात किंवा शिबिरात जायचे आहे तेथे दूरध्वनी करावा किंवा त्यांची सूचना वाचावी. फक्त ‘ओळखपत्र लागते का?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो’ एवढेच मिळेल. त्याऐवजी कोणती कागदपत्रे चालतात, मूळ प्रतच हवी की मोबाइलमधील शासकीय डिजिटल प्रत चालते, मुदत संपलेले कागदपत्र चालते का, पत्त्याचा पुरावा वेगळा लागतो का आणि पहिल्यांदा येणाऱ्यासाठी काही जादा नियम आहे का, हे प्रश्न सुटेसुटे विचारावेत. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण बरीच केंद्रे नियमित रक्तदात्याला त्याच्या कार्डावर किंवा जुन्या नोंदीवर ओळखतात, पण नव्या रक्तदात्याकडून छायाचित्राचा पुरावा घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत.

त्यानंतर आदल्या रात्री कागदपत्र हातात घेऊन पाहावे. नुसते पाकिटात आहे, एवढे पुरेसे नाही. मुदत संपली आहे का, छायाचित्र पुसट झाले आहे का, ते इतके जुने आहे का की ओळखू येणे कठीण, जन्मतारीख पूर्ण आहे की केवळ जन्मवर्ष आहे, हे तपासावे. छायाप्रत किंवा कागदपत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो यांवर भिस्त ठेवू नये. अशा प्रतीत फेरफार करणे सोपे असल्याने अनेक ठिकाणी ती नाकारली जाते आणि टेबलावरच्या कर्मचाऱ्याला ती नाकारण्यावाचून पर्याय नसतो. शासकीय डिजिटल ओळखपत्र चालत असेल, तर ते संबंधित अॅपमध्ये उघडते आहे ना, हे घरूनच पाहावे आणि मोबाइल चार्ज करून न्यावा.

नावातला फरक

या एका विषयावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण नोंदींमधला बहुतेक घोटाळा येथून सुरू होतो. माणसाचे नाव एकच असले, तरी कागदोपत्री ते अनेक रूपांत वावरते. एका ठिकाणी पूर्ण मधले नाव असते, दुसऱ्या ठिकाणी त्याचे केवळ आद्याक्षर. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना एखादे अक्षर वाढते किंवा गळते. विवाहानंतर आडनाव बदलते, पण काही कागदपत्रांवर जुनेच राहते. काहींचे रोजच्या वापरातले नाव आणि जन्मनोंदणीतले नाव पूर्णपणे भिन्न असते. रक्तदाता सहजपणे ‘काहीही लिहा, चालेल’ म्हणतो आणि घाईत असलेला स्वयंसेवक ऐकले तसे लिहितो. या क्षणी एका माणसाच्या दोन नोंदी तयार होतात आणि त्या एकत्र आणणे पुढे कोणाला सुचत नाही.

यावर माझा आग्रह असा आहे, की आपण एक कागदपत्र ‘रक्तदानाचे कागदपत्र’ म्हणून मनाशी ठरवून टाकावे आणि प्रत्येक वेळी तेच न्यावे. त्यावर नाव ज्या क्रमाने आणि ज्या अक्षरांत आहे, अगदी तसेच अर्जावर लिहून घ्यावे. नाव बदलले असेल, तर ते नोंदणीच्या वेळी स्वतःहून सांगावे: ‘मागच्या वेळी मी अमुक नावाने रक्तदान केले होते.’ विवाह, घटस्फोट, लिंगओळखीनुसार केलेला नावातील बदल किंवा अन्य कोणतेही कारण असो, कर्मचाऱ्याला ते कारण कळण्याची गरज नसते; दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत, एवढेच त्याला कळायला हवे असते. बदलाचे कागदपत्र जवळ असेल, तर ते दाखवल्याने नोंद तिथल्या तिथे जोडली जाते.

सारखी नावे हा दुसरा प्रश्न. एकच नाव आणि एकच आडनाव असलेले दोन रक्तदाते एकाच दिवशी येणे मुळीच दुर्मीळ नाही. एकदा माझ्यासमोर लागोपाठ आलेल्या दोघांचे नाव आणि आडनाव तर सारखे होतेच, जन्मवर्षही एकच निघाले. फरक होता तो दिवस-महिन्यात आणि पत्त्यात. तेव्हापासून मी जन्मतारीख नेहमी पूर्ण विचारतो आणि लिहिल्यावर ती मोठ्याने परत वाचून दाखवतो. जुळ्या भावंडांच्या बाबतीत तर जन्मतारीख, पत्ता आणि आडनाव सारेच सारखे असते. जुळ्यांपैकी एकाने येताच ‘माझे जुळे भावंडही येथे रक्तदान करते’ असे सांगितले, तर नोंदीत तशी खूण करता येते आणि मोठी चूक टळते.

नोंदणीच्या टेबलापासून खुर्चीपर्यंत

टेबलावर आपल्याला ‘आपले नाव काय? जन्मतारीख काय?’ असे विचारले जावे. ‘आपण अमुक ना?’ असा प्रश्न विचारला गेला, तर केवळ मान डोलावू नये. आपले पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतः सांगावी. हा फरक क्षुल्लक दिसतो, पण गर्दीत, गोंगाटात आणि थोड्याशा धाकधुकीत माणूस चुकीच्या नावालाही ‘हो’ म्हणून जातो, हा रुग्णालयांतला जुना अनुभव आहे. अर्ज भरून झाल्यावर सही करण्यापूर्वी नाव, जन्मतारीख, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कागदपत्राशी ताडून पाहावेत. पत्ता लिहिताना कागदपत्रावरचा नव्हे, तर जेथे आपण येते काही महिने खरोखर राहणार आहोत तो सांगावा आणि कायमचा पत्ता वेगळा असल्यास तोही नोंदवावा. आपल्याला पत्र आलेले घरच्यांना कळू नये असे वाटत असेल, तर संपर्काची पसंती याच वेळी सांगून ठेवावी.

पुढे प्रश्नावली आणि खासगी मुलाखत होते. तेथेही नाव आणि जन्मतारीख पुन्हा विचारली जाते. अनेकांना याचा कंटाळा येतो. पण येथे आजार, औषधे, प्रवास, शस्त्रक्रिया आणि खासगी आयुष्यातील जोखमीविषयीची उत्तरे नोंदवली जातात, आणि ती दुसऱ्याच्या अर्जावर चढली तर काय होईल, याचा विचार केला की पुन्हा विचारण्यामागचा अर्थ उमगतो. बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासताना, नंतर खुर्चीवर बसल्यावर आणि सुई टोचण्यापूर्वी, असे प्रत्येक टप्प्यावर हेच घडेल. ज्या केंद्रात हे वारंवार विचारले जाते, तेथे काम नीट चालले आहे असे समजावे.

खुर्चीवर बसल्यावर ओळखीचे रूप बदलते. येथून पुढे आपले नाव मागे पडते आणि एक क्रमांक पुढे येतो. जगातील अनेक देश यासाठी आयएसबीटी १२८ ही पद्धत वापरतात. तिच्यातील रक्तदान क्रमांक १३ अक्षरांचा असतो: पहिली ५ अक्षरे रक्तकेंद्राची, पुढचे २ अंक वर्षाचे आणि शेवटचे ६ अंक क्रमाचे. हाच क्रमांक मुख्य पिशवीवर, तिला जोडलेल्या लहान पिशव्यांवर, तपासणीच्या प्रत्येक नळीवर आणि आपल्या अर्जावर चिकटवला जातो. हे काम रक्तदात्याच्या शेजारीच, त्याच्या देखत झाले पाहिजे. नळ्या भरून दूरच्या टेबलावर नेऊन मग चिठ्ठ्या लावणे धोक्याचे असते, कारण तेवढ्यात दुसऱ्याच्या नळ्याही तेथे आलेल्या असतात. आपणही अर्जावरचा आणि पिशवीवरचा क्रमांक सारखा आहे का, हे पाहू शकतो. शांतपणे ‘दोन्हीकडे एकच क्रमांक आहे ना?’ असे विचारल्यास कोणताही चांगला तंत्रज्ञ रागावणार नाही. पिशवीवर आपले नाव नसते, त्यामुळे रुग्णाला रक्तदाता कळत नाही आणि रक्तदात्याला रुग्ण कळत नाही. नाव आणि क्रमांक यांना जोडणारी नोंद केवळ रक्तकेंद्राकडे राहते.

विशेष परिस्थिती

वय सीमारेषेवर असेल, तर जन्मतारखेचा पुरावा अनिवार्य समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत रक्तदानाचे किमान वय १८ वर्षे आहे. अमेरिकेच्या काही राज्यांत १६ वर्षांच्या मुलांना पालकांच्या लेखी संमतीने रक्तदान करता येते. अशा वेळी मुलाच्या ओळखपत्राबरोबर ते संमतीपत्रही लागते. वयाची वरची मर्यादा ठिकठिकाणी वेगळी आहे आणि प्रथमच रक्तदान करणाऱ्या ज्येष्ठांसाठी ती अनेकदा कमी असते. ‘एक वर्ष कमी सांगितले तर काय बिघडते’ हा विचार प्रेमापोटी येत असला, तरी ही मर्यादा रक्तदात्याच्याच सुरक्षिततेसाठी आहे.

परदेशी नागरिक, विद्यार्थी आणि तात्पुरते स्थलांतरित यांच्याकडे बहुधा पासपोर्ट असतो आणि तो ओळखीसाठी चांगला पुरावा आहे. त्यांची अडचण पत्त्याची असते. वसतिगृहाचे पत्र, भाडेकरार किंवा संस्थेचे ओळखपत्र पत्त्यासाठी चालते का, हे आधी विचारावे. जे लोक अवघ्या काही दिवसांसाठी आले आहेत, त्यांना काही केंद्रे नाकारतात, कारण नंतर त्यांच्याशी संपर्क साधता येणार नाही. शिवाय अलीकडच्या प्रवासामुळे, उदाहरणार्थ हिवतापाच्या प्रदेशातून आल्यामुळे, ते तात्पुरते अपात्रही ठरू शकतात.

ज्यांच्याकडे कोणतेही शासकीय कागदपत्र नाही, त्यांनी निराश होऊ नये, पण थेट शिबिरात जाण्याऐवजी कायमस्वरूपी रक्तकेंद्रात जाऊन चौकशी करावी. तेथे दोन दुय्यम कागदपत्रे मिळून चालतात का, हे अधिकारी सांगू शकतात. शिबिरातल्या स्वयंसेवकाला तो अधिकार नसतो. कागदपत्र हरवले असेल, तर नवे मिळेपर्यंत थांबणे हाच उत्तम मार्ग आहे. तोवर वजन, हिमोग्लोबिन आणि औषधे यांबाबतची आपली पात्रता तपासून घेता येईल.

नातेवाइकासाठी रक्त देताना दोन वेगळ्या ओळखी गुंततात. आपले स्वतःचे ओळखपत्र लागतेच, शिवाय रुग्णाचे पूर्ण नाव, रुग्णालय आणि तेथील नोंदणी क्रमांक लिहून न्यावा लागतो. या धावपळीत एक गंभीर चूक घडताना दिसते: ज्याचे नाव यादीत दिले होते तो येऊ शकत नाही, म्हणून दुसराच कोणी त्याच्या नावावर किंवा त्याचे कार्ड घेऊन रक्त देतो. हे कधीही, कोणत्याही कारणाने करू नये. चाचणीचा अहवाल भलत्याच माणसाच्या नोंदीत जातो, त्याच्या जुन्या रक्तगटाशी विसंगती निघते आणि खऱ्या रक्तदात्याला काही आजार निघाला, तर तो कळवायला कोणी उरत नाही. आलेल्या माणसाने स्वतःच्या नावाने नवी नोंद करावी. रुग्णाला मदत तेवढीच होते.

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःसाठीच रक्त काढून ठेवायचे असेल, तर ओळखीची काळजी आणखी वाढते, कारण ती पिशवी एका विशिष्ट व्यक्तीलाच परत मिळायची असते. रक्तकेंद्रात आणि रुग्णालयात दाखल होताना एकच नाव, एकच स्पेलिंग आणि एकच जन्मतारीख दिली गेली आहे ना, हे अशा वेळी स्वतः पडताळून पाहावे.

आपल्या माहितीची जपणूक

ओळख दाखवणे वेगळे आणि कागदपत्राची प्रत देऊन टाकणे वेगळे. बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्याने कागदपत्र पाहणे आणि त्याचा क्रमांक किंवा प्रकार नोंदवणे पुरेसे असते. छायाप्रत मागितली, तर ती कशासाठी आणि किती काळ ठेवली जाईल, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. रक्तदात्यांची यादी बनवण्यासाठी मोबाइलवरील गटांत ओळखपत्राचे फोटो पाठवण्याचा प्रकार मला फार काळजीचा वाटतो. त्या फोटोचा रक्तदानाला काहीच उपयोग नसतो, कारण केंद्रात मूळ कागदपत्र पुन्हा दाखवावेच लागते, आणि फोटो मात्र अनोळखी हातांत फिरत राहतो. चाचणीचा अहवालही केंद्राने केवळ आपल्यालाच, आपली ओळख पटवून सांगायचा असतो. मित्राला, वरिष्ठाला किंवा शिबिराच्या आयोजकाला तो सांगण्याचा कोणालाही अधिकार नाही.

रक्तदानानंतर

निघण्यापूर्वी आपला रक्तदाता क्रमांक आणि त्या दिवसाचा रक्तदान क्रमांक लिहून घ्यावा किंवा त्याची चिठ्ठी जपून ठेवावी. हे दोन क्रमांक वेगळे आहेत: पहिला आपला कायमचा, दुसरा त्या एका पिशवीचा. पुढच्या काही दिवसांत ताप आला, अंगावर पुरळ उठले, एखाद्या संसर्गाचे निदान झाले किंवा मुलाखतीत एखादी गोष्ट सांगायची राहून गेली असे आठवले, तर केंद्राला ताबडतोब कळवावे. तेव्हा नाव आणि जन्मतारखेबरोबर रक्तदान क्रमांक सांगितला, तर कर्मचाऱ्यांना पिशवीचे घटक शोधून थेट बाजूला काढता येतात. प्लेटलेटसारखा घटक काही दिवसांतच वापरला जात असल्याने येथे तासांचाही फरक पडतो.

घर बदलले, दूरध्वनी क्रमांक बदलला किंवा नाव बदलले, तर पुढच्या रक्तदानाची वाट न पाहता केंद्राला कळवावे. कार्ड हरवल्यास नव्या नावाने नोंद न करता जुन्या नोंदीवरच दुसरे कार्ड मागावे; त्यासाठी पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आधीच्या रक्तदानाचे ठिकाण सांगितले की नोंद सापडते. दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या संस्थेच्या केंद्रात जाणार असाल, तर तेथे जुनी नोंद दिसत नाही असे गृहीत धरून ओळखपत्र, जुने कार्ड आणि मागच्या रक्तदानाची तारीख या तिन्ही गोष्टी बरोबर न्याव्यात.